वाकोल्याची पंपवाली वहिनी

माझं माहेर कुडाळच्या खालच्या अंगाला, खाडीकाठचं गाव, नाव सांगून तुम्हाला कळायचं नाही. गावात गाडी म्हणून नव्हतीच, एस्टीसुद्धा बाजाराच्या नाक्यापर्यंत यायची आणि तिथूनच वळायची. आणि बघा, त्या गावची मुलगी मी, आणि आज अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत कुठल्याही जुन्या गॅरेजात विचारा, पेट्रोलचा पंप कोण बांधून देतं, तर सांगतील वाकोल्याला वहिनीकडे जा. पेट्रोलचा पंप म्हणजे तो रस्त्यावरचा नव्हे हां ताई, सगळ्यांचा तोच घोटाळा होतो. गाडीच्या इंजिनाला बाजूने चिकटलेला असतो, मुठीएवढा. टाकीतलं पेट्रोल ओढतो आणि वर कार्बोरेटरला देतो. आत रबरी कापडाचा एक पडदा, पडद्याखाली स्प्रिंग, वरती दोन वाल्व, एक आत घेणारा, एक बाहेर सोडणारा, आणि बाजूने एक दांडी, इंजिन फिरलं की ती खालीवर होते, तिच्यामागून पडदा खालीवर होतो. बस, एवढंच. आमच्या धंद्यातले लोक म्हणतात माणसाच्या काळजासारखं आहे, मी तसलं काही म्हणत नाही. काळीज काढून रॉकेलमध्ये धुता येतं का.

लग्न होऊन आले ती ह्याच खोलीत. आमचे हे तेव्हा अन्वरभाईंच्या गॅरेजात होते, कुर्ल्याच्या बाजूला, अजून आहे ते गॅरेज. माणूस अबोल. म्हणजे रागीट नाही हां, अबोल. संध्याकाळी यायचे, हात धुवायचे, चहा घ्यायचे आणि पिशवीतनं पंप काढायचे. गॅरेजात बारीक सामान हरवतं म्हणून पंपाचं काम घरी आणायचे. वर्तमानपत्र पसरायचं, मी स्टो विझवायचा, हा पहिला नियम, पंप घरात आला की स्टो बंद, मग भात अर्धा कच्चा राहिला तरी चालेल. मला म्हणायचे बस हंय, धर. मी धरायची. धरता धरता माझी बोटं बारीक म्हणून वाल्व मीच बसवायला लागले, कातरीनं पॅकिंगचा कागद मीच कापायला लागले. मग एक दिवस म्हणाले फुंक. मी म्हटलं काय फुंकू, तर म्हणाले इकडून फुंकलं तर वारा जायला हवा, ओढलं तर यायला नको, आणि दुसरीकडे त्याच्या उलट. मी तोंड लावलं. पेट्रोलची ती पहिली चव, काय सांगू तुम्हाला, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. हे हसले. त्यांना हसताना मी मोजक्याच वेळा बघितलंय, त्यातलं ते एक.

आमचं बोलणं म्हणजे तेच. पडदा फाटला तर कुठून कळतं, तर खालच्या भोकातून पेट्रोल ठिबकतं, आणि ते इंजिनात उतरलं तर तेलाला पेट्रोलचा वास मारतो. दांडी झिजली तर पंप हलतो पण पेट्रोल कमी देतो, गाडी चढावर मरते. पाइपाचं रबर चिरलं तर पेट्रोलऐवजी वारा ओढतो आणि बिचाऱ्या पंपावर आळ येतो. दुसरे नवराबायको काय बोलतात मला ठाऊक नाही. पोर झालं नाही. डॉक्टर झाले, देव झाले, मग आम्ही दोघांनी तो विषय काढायचाच सोडला.

मग सगळे आखातात जायला लागले तेव्हा हे पण गेले. तिकडे जनरेटरवर काम, मोठाली डिझेलची इंजिनं, वाळवंटात कुठंतरी. जाताना मला एवढंच म्हणाले, दांडीची पिन नीट बसव, ती निसटते. विमानतळ इथनं हाकेच्या अंतरावर, आमच्या छपरावरूनच विमानं जातात, तेव्हापासून प्रत्येक विमान बघून वाटायचं ह्यातच असतील, जाणारं असो की येणारं. पुढं पुढं सवय झाली.

अन्वरभाई आठवड्यानं दारात आले. भला माणूस. म्हणाले वहिनी, भाऊ नाहीत पण पंप तर आहेत, तुम्ही घरी जे करायचात ते करत राहा, मी कोणाला सांगणार नाही. मी म्हटलं सांगा की, लपवायचं काय त्यात. तर असं सुरू झालं. पिशवीत पंप यायचे, पिशवीत जायचे. गाडी काही मी बघायची नाही. हाताला रॉकेलचा वास मात्र कायमचा बसला, लिंबू चोळा, राख चोळा, जात नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले की बायका कुंकू लावायच्या आणि जरा मागे सरायच्या, तोंडावर कोणी काही बोलायचं नाही. मग मी जायचंच कमी केलं. कोणी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, बोलता तरी आलं असतं.

ह्यांना लिहिण्याचा कंटाळा, मला वाचायचा. तेव्हा तिकडचे लोक कॅसेट भरून पाठवायचे. आमच्या इथली फ्लोरीबाय, शेजारीण माझी, तिचा मुलगा जहाजावर, तिच्याकडे टेपरेकॉर्डर होता. पहिली कॅसेट कोणी सुट्टीवर आलेल्यानं आणून दिली आणि मी ती घेऊन फ्लोरीबायकडे गेले, तर अर्धी चाळ जमली ना तिथं. सगळे ऐकायला बसले. टेपमध्ये आधी नुसता वारा, मग खोकला, मग ह्यांचा आवाज. त्यांना कळलंच असणार चारचौघांत वाजणार म्हणून. बरा आहे म्हणाले, उन्हाळा खूप आहे म्हणाले, आणि मग बराच वेळ गप्प, टेप नुसती फिरतेय, बायका माझ्या तोंडाकडे बघतायत. मग एकदम म्हणाले, पंपाचं काम येतं काय गो, जुन्या विलायती गाडीचा पंप आला तर वरचं झाकण कसं बसवशील, आणि तिथनं जे सुरू झाले ते टेप संपेपर्यंत. बायका कंटाळून उठून गेल्या. मी शेवटपर्यंत बसले.

उत्तर भरायचं ते पण फ्लोरीबायच्याच खोलीत. सासूबाई बऱ्या आहेत, गावी पाऊस चांगला झाला, आणि मग मी पण पंपच काढला. अमुक पंप आला, वाल्व चिकटत होता, मी असं असं केलं, बरोबर काय? पुढच्या कॅसेटला त्याचं उत्तर. नंतर त्यांनी माझ्यासाठी टेपरेकॉर्डर पाठवला, खोलीत मी एकटी, दार लावलेलं, आता काय वाटेल ते बोलू शकत होते. दोनतीनदा ठरवलं. बटण दाबलं, गावच्या पावसाचं सांगितलं आणि पुन्हा पंपावरच आले. ते पण तसेच. सवयच तशी पडली होती आमची.

आता ती पांडेजींच्या टॅक्सीची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिथनं झालं. पांडेजी म्हणजे काळी-पिवळीवाले, कलिन्याला गाडी लावायचे, गाडी त्यांच्याइतकीच जुनी. त्यांचा पंप माझ्याकडे आला, मी उघडला, पडदा फाटलेला, बदलला, दिला. थोड्या दिवसांनी परत. पुन्हा पडदा गेलेला. पुन्हा बदलला. पुन्हा परत. अन्वरभाईंची माणसं म्हणायला लागली की वहिनींचा हात आता बसत नाही. सकाळी गाडी ठणठणीत, दुपारी तापली की रस्त्यात मरते, पंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास बसलं की पुन्हा चालू. मी पंप हातात घेऊन बघायची, आत घ्यायच्या तोंडावर बोट लावायचं, दांडी दाबायची, बोट असं ओढून धरायचा तो पंप, सोडायला तयार नाही. माझ्या हातात धडधाकट आणि गाडीत गेला की आजारी. मी ह्यांना कॅसेट भरली, सगळं सांगितलं, पाठवली. पण कॅसेट जाणार कधी, उत्तर येणार कधी.

एक दिवस पांडेजी स्वतःच दारात. भांडायला आले असतील असं वाटलं मला, पण माणूस उंबऱ्यावर बसला आणि टोपी काढून हातात घेतली. म्हणाले भाभीजी, गाडीत दिवस भरलेली बाई होती, तिला इस्पितळात घेऊन जात होतो, भर रस्त्यात गाडी मेली. लोकांनी तिला दुसऱ्या गाडीत घातलं, ती बरी आहे, पण मी त्या दिवसापासून गाडीत कोणाला घेतलं नाही. माझा धीर गेला.

माझ्या हातनं गेलेला पंप. मी स्टोवरचं पातेलं उतरवलं, चपला घातल्या आणि म्हटलं चला. कुठे, म्हणाले. म्हटलं गाडीत. मरेपर्यंत चालवा, मला बघायचंय कशी मरते.

मागच्या सीटवर बसले. एवढी वर्षं पंपाचं काम केलं, पण टॅक्सीत बसायची वेळ कधी येणार आमच्यासारख्यांवर, दोन लग्नं सोडली तर नाहीच. दुपारचं ऊन, हायवेनं अंधेरी, मग मरोळ, साकीनाका, ट्रक पुढे, ट्रक मागे, मध्ये आम्ही. पांडेजी आरशातनं माझ्याकडे बघतायत, मी इंजिनाकडे कान लावून. साकीनाक्याला गाडीनं दोन आचके दिले आणि मेली. मी उतरले, म्हटलं बोनेट उघडा. माणसं जमली, बाई काय करतेय म्हणून. मी पंपाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं, फोड आला बोटाला. तव्यासारखा तापलेला. पेट्रोल तिथं राहणारच नाही, पाइपातच त्याची वाफ होणार, आणि वाफ काय ओढणार तो पंप. मग मी वाकून पंप आणि इंजिन ह्यांच्या मधे बघितलं. नुसता कागद. कागदाचं पातळ पॅकिंग. तिथं एक काळी जाड चकती असते ताई, फायबरची, इंजिनाची आग पंपापर्यंत जाऊ नये म्हणून. दुसऱ्या गाड्यांचे पंप यायचे ते कधीकधी ती चकती चिकटलेलीच यायचे, मी ती घासून धुवायची आणि बाजूला ठेवायची. ह्या पंपाबरोबर ती कधी आलीच नव्हती. कधीतरी तुटली असेल, कोणीतरी कागद लावून भागवलं असेल, आणि चकती गेल्यावर दांडीला ढकलणारी सळई पण जास्त आत यायला लागली, पडदा ताणला जायचा, फाटायचा. एका जागी सगळी उत्तरं. मी तिथं रस्त्यात उभी होते आणि मला हसायला आलं, आणि कोणाला सांगावं असं वाटलं आणि आजूबाजूला बघितलं तर सगळी परकी माणसं.

अन्वरभाईंच्या भंगाराच्या डब्यात चकती मिळाली. लावली. पांडेजींची गाडी त्यानंतर तापून कधी मेली नाही. माझं नाव झालं ते तेव्हापासून. लोक लांबून यायला लागले, भांडुपहून, कांदिवलीहून, आणि नुसते पंप नाही, गाड्या घेऊन. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बोनेटमध्ये बघायला लागले.

आणि मग ह्यांची कॅसेट आली. मी दार लावलं, बटण दाबलं. खोकले, आणि पहिलं वाक्य, अगो, ती काळी चकती आसा काय बघ. रातदिस मी ह्याचोच विचार करतंय, माका वाटता चकतीच नसात. किती आनंदात बोलत होते ताई. तिकडे वाळूत बसून, डोळ्यांनी गाडी न बघता, बरोबर ओळखलं होतं त्यांनी. मी बटण बंद केलं. चकती लागून तोपर्यंत महिना होऊन गेला होता.

उत्तरात मी म्हटलं, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. चकतीच नव्हती. लावली, गाडी चालू झाली. विचाराल का असं म्हटलं, तर सांगते, त्या माणसाचं इथं काय उरलं होतं? खोली माझ्या अंगवळणी पडली होती, गॅरेज माझ्या, त्यांची खुर्चीसुद्धा मी सामान ठेवायला घेतली होती. एवढं तरी त्यांचं असू दे म्हटलं. पुढच्या कॅसेटला आवाज वेगळाच, भरलेला. सांगितलं ना तुका, म्हणाले.

असं करत वर्षं गेली. मधे सुट्टीवर यायचे, पाहुण्यासारखे, सगळ्यांना साबण, सेंट वाटायचे आणि परत जायचे. मग तिकडची कामं कमी झाली आणि हे कायमचे आले. केस पांढरे झालेले, जनरेटरच्या आवाजानं कान जरा कमी झालेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंप उघडून बसले होते, तर शेजारी येऊन बसले आणि माझ्या हातातला पाना घेतला. म्हणाले बस तू आता, खूप केलंस. प्रेमानं म्हणाले हां, मला कळलं ते. मी उठले. पण उठून करू काय? भात शिजत होता, झाडून झालं होतं. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

तिकडे त्यांनी माणसाच्या उंचीची इंजिनं केलेली, हात त्या मापाचा झाला होता. इथली स्प्रिंग निसटायची, वाल्व तिरका बसायचा, चष्मा लावला तरी पिन दिसायची नाही. मी सांगायला जायची आणि गप्प बसायची. पंप परत यायला लागले. अन्वरभाईंचा माणूस दारात येऊन हळूच विचारायचा, वहिनी, हा तुम्ही केलेला ना? कान कमी असलेल्या माणसाला नेमकं तेवढंच कसं ऐकू जातं कोण जाणे.

एकदा पांडेजी आले, भाऊ आले म्हणून भेटायला, पेढे घेऊन. बसले आणि ह्यांना कौतुकानं सगळी कथा सांगितली, साकीनाका, बोनेट, माझ्या बोटाचा फोड, माणसं कशी जमली, भाभीजींनी चकती कशी ओळखली. मी चहाचं निमित्त करून मधे बोलायला बघितलं, पण ते कुठं थांबतात. हे ऐकत होते, मान हलवत होते. पांडेजींना दारापर्यंत सोडून आले. मग रिकामे कप उचलले आणि म्हणाले,

चकती तूच सोदलंस ना?

मी म्हटलं, तुमची कॅसेट पण आली होती. तुम्ही पण बरोबर सांगितलं होतंत.

हां, म्हणाले. पण आधी तू.

रागावले नाहीत. रागावले असते तर मी पण दोन शब्द बोलले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. त्यांनी पेढ्याचा पुडा उघडला, एक मला दिला, एक स्वतः खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून पान्याला हात लावला नाही. सकाळी उठून नाक्यावर जायचे, विमानतळाच्या भिंतीकडेनं फिरून यायचे, जेवायचे, झोपायचे. मी पंप करायची, ते माझ्याकडे बघायचे नाहीत आणि मी त्यांच्याकडे. एवढ्याशा खोलीत दोन माणसं, आणि काय सांगू तुम्हाला, हे आखातात होते तेव्हा एवढं एकटं वाटलं नव्हतं मला.

शिमग्याच्या आधी म्हणाले, मी गावाक जातंय. घर पडायला आलंय, कलमांना माणूस नाही. हंय माझा काय काम नाय. मग पिशवी भरता भरता, माझ्याकडे पाठ करून, विचारलं, माझ्यावांगडा येतंस? म्हणजे माझ्याबरोबर येतेस का.

ताई, लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. बस, धर, फुंक, एवढंच. पहिल्यांदा विचारलं. आणि माझ्यापुढे वर्तमानपत्रावर तीन उघडे पंप होते, एक अंधेरीच्या डॉक्टरबाईंचा, दोन टॅक्सीवाल्यांचे, संध्याकाळी न्यायला येणार होते. मी म्हटलं ह्यांचं कोण करणार. ते वळले, पंपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. होय, ता खरा, म्हणाले. पिशवीची दोरी बांधली. मी एस्टीच्या थांब्यापर्यंत गेले होते सोडायला. गाडी सुटली तेव्हा त्यांनी हात वर केला, मी पण केला. मग घरी आले आणि तिन्ही पंप बांधून ठेवले.

आता ते तिकडे, मी इथं. भांडण नाही आमचं, लोकांना वाटतं तसं काही नाही. मे महिन्यात मी जाते, आंबे उतरवायला हात लावते, सासूबाई आता नाहीत, ओट्यावर आम्ही दोघं बसतो. ते कलमांचं बोलतात, कुठल्याला मोहर आला, कुठल्याला कीड लागली. मी ऐकते. मला त्यातलं काही कळत नाही, विचारायचं आणि समजून घ्यायचं असं ठरवून जाते, पण तोवर पाऊस जवळ येतो आणि निघायची वेळ होते. येताना पायरीपर्यंत येतात. अजून एकदा विचारतील असं मला दर वर्षी वाटतं. ते विचारत नाहीत. विचारलं तर मी काय म्हणेन, तेही मला ठाऊक नाही.

काम पण आता आटत चाललंय. ह्या नव्या छोट्या गाड्या आल्या ना, त्यांचा पंप उघडतच नाही, चहूबाजूंनी दाबून बंद केलेला असतो, बिघडला की काढून टाकायचा आणि नवा लावायचा. अन्वरभाईंचा मुलगा म्हणतो वहिनी, जुन्या गाड्या आहेत तोवर तुम्ही आहात. मी म्हटलं बरोबर आहे, त्या पण म्हाताऱ्या, मी पण. पांडेजी मागच्या वर्षी त्यांच्या मुलकात परत गेले. फ्लोरीबाय मुलाकडे राहायला गेली, तिच्या खोलीत आता कोणी नवीन जोडपं आहे, दोघं कामावर जातात, दार बंदच असतं.

दुपारची शांत वेळ असते तेव्हा मी दार उघडं ठेवून बसते. कोणी पंप घेऊन आलं तर बरं, नाही आलं तरी बरं. तुम्ही आलात, एवढा वेळ ऐकलंत, मधे एकदा पण घड्याळाकडे बघितलं नाहीत, मी बघत होते. आता चहा घेऊनच जा, हात धुते मी, जरासा वास येईल कपाला, तेवढं चालवून घ्या. तुमचं घरचं माणूस घरी असू दे आणि तुमच्याशी बोलत असू दे, अजून काय देऊ तुम्हाला मी.